संवेदनेलाही वेळ लागतो
मेंदूची शोधकथा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण बोलोन्याच्या गॅल्वानीला भेटलो. विजेच्या स्पर्शानं मेलेल्या बेडकाची तंगडी उडते, हे त्यानं १७९१ मध्ये जाहीर केलं आणि मज्जातंतूंचा विजेशी काहीतरी संबंध आहे, असा बोलबाला झाला. साहजिकच पुढचा प्रश्न आला : मज्जातंतूतून संदेश जातो तरी किती वेगानं?

बर्लिनचा योहानेस म्युलर हा त्या काळातला शरीरक्रियाशास्त्राचा सर्वांत मोठा अधिकारी. हा वेग मोजणं माणसाला बहुधा कधीच जमणार नाही, असं त्यानं आपल्या ग्रंथात लिहून टाकलं होतं. शरीर इतकं लहान आणि वेग इतका अफाट, मग मोजणार कसा? त्याचाच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ यानं १८४९ मध्ये क्योनिग्सबर्गला हेच काम हाती घेतलं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

साहित्य म्हणाल तर बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेला लांब मज्जातंतू. तंतूला विजेचा झटका बसला की त्याच क्षणी एका वेगळ्या मंडलात प्रवाह सुरू व्हायचा. स्नायू आकसून टांगलेलं वजन उचलायचा आणि त्या हालचालीनंच मंडल तुटायचं. मधल्या काळात गॅल्व्हानोमीटरची सुई किती सरकली, यावरून गेलेला वेळ काढायचा. पण या वेळेत स्नायूचा स्वतःचा आळसही धरलेला असणार, तो वेगळा कसा काढायचा? हेल्महोल्ट्झची खरी हुशारी इथं दिसते. त्यानं झटका एकदा स्नायूलगत दिला आणि एकदा पाच-सहा सेंटिमीटर दूर. स्नायू तोच, वजन तेच, यंत्र तेच. दुसऱ्या वेळेतून पहिली वजा केली की उरतो तो फक्त तंतूतल्या प्रवासाचा वेळ. तो निघाला सेकंदाचा एक-दोन हजारांश! सुईची वाचनं टिपून घ्यायला पत्नी ओल्गा शेजारी असे. विज्ञानाच्या इतिहासात अशा मदतनिसांची नावं सहसा गाळली जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हिशेबानं वेग आला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभरएक किलोमीटर. आपल्या एखाद्या एक्स्प्रेस गाडीइतका! प्रकाशाशी तुलना सोडाच, ध्वनीसुद्धा याच्या बारापट वेगानं धावतो. १८५० च्या आरंभी हा निष्कर्ष बर्लिनला पोचला, तेव्हा अनेकांना तो पटेना. खुद्द हेल्महोल्ट्झच्या वडिलांनाही तो पचायला जड गेला. इच्छा झाली की हात हलतो, यात वेळ कुठला जातो, असंच सगळे धरून चालले होते. माझ्या मते म्हणूनच हा शोध गॅल्वानीच्या शोधापेक्षा खोल आहे. मन आणि शरीर यांच्यामधलं अंतर त्यानं घड्याळात बसवलं. हेल्महोल्ट्झ देवमाशाचं उदाहरण द्यायचा : शेपटीत भाला घुसल्याची वार्ता मेंदूला पोचायलाच सेकंदभर लागेल.

आजची मोजमापं अधिक बारीक आहेत. मेदाचं वेष्टन असलेल्या आपल्या जाड तंतूंतून संदेश सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो. मागाहून येणारी ठसठसणारी वेदना मात्र सेकंदाला एखाद-दोन मीटरच्या चालीनं येते. पायाचं बोट उंबऱ्याला ठेचकाळलं की आधी धक्का कळतो, कळ नंतर येते, ती यामुळेच.

याच हेल्महोल्ट्झनं लगोलग जिवंत डोळ्याचा तळ पाहण्याचं उपकरण बनवलं. त्याची हकिकत पुढच्या आठवड्यात.