तांबे आणि मेंदूतील प्रथिन

ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंना ‘मॅड काऊ’ रोग झाल्याचे आढळले. तो माणसालाही होऊ शकतो, हे १९९६ साली उघड झाले. या रोगाचे कारण जंतू नव्हे, तर प्रिऑन नावाचे प्रथिन. ते निरोगी मेंदूतही असते. पण त्याची घडी बिघडली की शेजारच्या प्रथिनांचीही बिघडते आणि मेंदूची चाळण होते.

निरोगी प्रिऑन तांब्याचे आयन धरून ठेवते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००९ साली ही जोडणी संगणकावर उभी केली. तांबे जोडले की प्रथिनाचा सैल भाग घट्ट भागाला बिलगतो व घडी टिकण्यास मदत होते, असे त्यात दिसले.

मात्र म्हणून कोणी तांब्याच्या गोळ्या घेऊ नयेत! जादा तांबे यकृताला अपाय करते. या रोगावर अजून औषध नाही. संगणकाने फक्त दिशा दाखविली आहे.