उपवासकालांतील रविवार

आमच्या शेजारीं एक वारकरी गृहस्थ राहतात. वयानें ते माझ्याहून चार वर्षांनीं वडील. एकादशी त्यांनीं आजवर चुकविलेली नाहीं, आणि पंचांग पाहिल्यावांचून त्यांचा दिवस सुरू होत नाहीं. एके सकाळीं कुंपणापाशीं उभे राहून ते मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मंडळी लेंटाचा उपास चाळीस दिवसांचा म्हणतां. मीं काल तुमच्या कॅलेंडरावर बोट ठेवून मोजला, तो शेहेचाळीस दिवसांचा भरतो. हे वरचे सहा दिवस कोणाच्या खात्यावर?"

प्रश्न हिशेबाचा होता, आणि मुलांना हिशेब शिकविण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. "रविवार वगळा, म्हणजे बरोबर येईल," असें मीं सांगितलें. पण त्यावर त्यांनीं विचारलें, "वगळावयाचे कां?" या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कुंपणापाशीं उभ्या उभ्या देण्याजोगें नव्हतें. तेंच आज आपणां श्रोत्यांपुढें जरा विस्तारानें ठेवीत आहें.

प्रथम मोजणी पाहूं. २०२५ सालीं राखेचा बुधवार ५ मार्चला होता, आणि ईस्टर म्हणजे प्रभु येशूच्या पुनरुत्थानाचा सण २० एप्रिलला. बुधवारपासून सणाच्या आदल्या शनिवारपर्यंत मार्चचे २७ व एप्रिलचे १९ मिळून ४६ दिवस झाले. त्यांत रविवार ६ आले. ते वजा जातां ४० उरले. चाळीस हा आंकडा शास्त्रांतला आहे. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, एलीया तितकेच दिवस चालून होरेबास पोहोंचला, आणि येशूनें अरण्यांत चाळीस दिवस उपास केला. तथापि हा आंकडा आरंभापासून असा नेमका बसलेला नव्हता. रोमचा धर्माध्यक्ष थोरला ग्रेगरी याची कारकीर्द ५९० ते ६०४ ही होय. त्याच्या वेळीं उपवासकाल सहा आठवड्यांचाच होता. सहा साते बेचाळीस; त्यांतून सहा रविवार गेले, राहिले छत्तीस. ग्रेगरीनें याची संगति मोठी मार्मिक लावली आहे. वर्षाचे दिवस ३६५, त्यांचा दशांश सुमारें छत्तीस. म्हणजे धान्याचा दशांश देवाला द्यावा तसा हा वर्षाचा दशांश. पुढें चाळीस हा आंकडा पुरा व्हावा म्हणून आधींच्या बुधवारापासूनचे चार दिवस जोडण्यांत आले, आणि राखेचा बुधवार हा उपवासकालाचा पहिला दिवस ठरला. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं चार दिवसांची तूट पडली तेव्हांहि कोणीं रविवाराला हात लावला नाहीं. सहा रविवार समोर असतांना ते सोडून चार दिवस बाहेरून आणले!

याचें कारण असें, कीं आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रभु मेलेल्यांतून उठला, म्हणून प्रत्येक रविवार हा लहानसा ईस्टरच होय, अशी ख्रिस्ती लोकांची फार जुनी समजूत आहे. कार्थेज येथील टर्टुलियन हा ग्रंथकार तिसऱ्या शतकाच्या आरंभीं लिहितांना, प्रभूच्या दिवशीं उपास करणें किंवा गुडघे टेकून प्रार्थना करणें आम्ही गैर मानतों, असें सांगतो. ३२५ सालीं नायसिया येथें जी मोठी धर्मपरिषद भरली, तिच्या शेवटच्या म्हणजे विसाव्या नियमांतहि, रविवारीं प्रार्थना उभ्यानेंच करावी असें ठरविलेलें आहे. गुडघे टेकणें ही अनुताप करणाराची रीत, आणि उभें राहणें ही उठलेल्याची.

"म्हणजे दर रविवार तुमचें पारणें," असें माझे शेजारी यावर म्हणाले. उपमा जवळची आहे, पण पुरती लागत नाहीं. द्वादशीचें पारणें व्रत पुरें झाल्यावर होतें. येथें व्रत अर्ध्यावर असतांनाच हा दिवस येतो, आणि सोमवारीं पुन्हां व्रत चालू होतें. शिवाय तो दिवस व्रताच्या बाहेरचा असला तरी त्याच्या छायेंतून सुटलेला नसतो. उपवासकालांतील रविवारची उपासना समजून घेण्यांत अवघड असें जें आहे तें हेंच. आनंदाचा दिवस शोकाच्या ऋतूंत कसा पाळावा?

हा ऋतु आपल्या देशावर कोणत्या दिवसांत येतो, तेंहि पाहिलें पाहिजे. २१ मार्चला किंवा तिच्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. २०२५ सालीं हनुमान जयंती १२ एप्रिलला झाली आणि ईस्टर पुढच्या आठवड्यांत २० तारखेस आला. २०२४ सालीं मात्र होळीची पौर्णिमाच हिशेबांत आली, आणि ईस्टर ३१ मार्चला झाला. सारांश, हा काल माघ, फाल्गुन आणि चैत्र यांत हलत असतो. रब्बीची ज्वारी निघून खळीं होतात, पळस फुलतो, आणि विहिरी तळ गांठूं लागतात. ज्यांनीं युरोपांत ही प्रथा घालून दिली, त्यांच्याकडे हे दिवस हिंवाळा सरून वसंत येण्याचे. आमच्याकडे पाण्याची काळजी सुरू होण्याचे.

मी वाढलों ती मंडळी अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतली. त्या भागांत ख्रिस्ती धर्म मुख्यतः अमेरिकन मराठी मिशननें आणला. हे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि १८३१ सालीं त्यांनीं नगरास ठाणें घातलें. त्यांचे पूर्वज प्युरिटन पंथाचे. सणवार पाळणें हें त्या पंथास इतकें वावडें, कीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता, आणि तो १६८१ पर्यंत टिकला. अशा परंपरेंत लेंट कोठून असणार? तो पाळीत असत ते इंग्लिश मंडळीचे लोक. उदाहरणार्थ, पुण्याच्या पंचहौद मिशनांतले. १८९० च्या चहाच्या प्रकरणामुळें पंचहौदाचें नांव मराठी वाचकांस ठाऊक आहेच! पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालें, आणि त्यांत हे दोन्ही प्रवाह मिळाले. त्यानंतर एकदोन वर्षांत आमच्या मंदिरांतल्या मेजावर जांभळें वस्त्र आलें. एक वृद्ध पंच त्याकडे पाहून म्हणाले होते, "कापड रंगविलें म्हणून मन रंगतें काय?" मला तो प्रश्न आजहि खोटा वाटत नाहीं. पण पुढल्या वर्षीं वस्त्र काढावयास उशीर झाला, तेव्हां ईस्टरच्या पहाटे तें आठवणीनें काढविलें तेंहि त्यांनींच.

त्या रविवारची उपासना वरवर पाहतां नेहमींसारखीच असते. घंटा होते, लोक वहाणा बाहेर ठेवून सतरंजीवर बसतात, एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया, पेटी आणि तबला लागतो. गीतें बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं. टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले आणि १९१९ सालीं वारले. अभंग व भजन यांच्या चालीवर त्यांनीं जीं पदें रचलीं, त्यांवांचून मराठी मंडळीची उपासना आज कोणास सुचणारहि नाहीं. पहिलें पद झालें कीं पापांगीकार. इतर ऋतूंत तो घाईनें उरकला जातो. या ऋतूंत पाळकसाहेब त्यापूर्वीं कांहीं वेळ स्तब्ध राहतात, आणि बाहेरचा होला घुमतो तो ऐकूं येतो. मग शास्त्रपाठ, संदेश, दान, आणि ठरलेल्या रविवारीं प्रभुभोजन.

जेथें जुनी विधि काटेकोर पाळतात तेथें या साऱ्या आठवड्यांत, रविवारींसुद्धां, "हालेलूया" हा शब्द उच्चारीत नाहींत. लहान मुलांची यांत फार गंमत होते. ओठांवर आलेला शब्द गिळावा लागतो. वसईच्या कॅथलिक देवळांतून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळानंतर, लॅटिन जाऊन मराठी आली, पण हें मौन राहिलें. त्यांच्याकडे चौथ्या रविवारीं जांभळ्याऐवजीं गुलाबी वस्त्र घालण्याची मुभा असते. व्रत अर्धें सरलें, त्याचा हा विसावा.

कांहीं पाळक प्रत्येक रविवाराचा शुभ शुक्रवार करूं पाहतात. रडवे सूर, रडवा संदेश, आणि उपास न करणाराकडे टोंचून पाहणें! मला हें मुळींच मानवत नाहीं. जुन्या मंडळीनें हा दिवस उपासांतून काढला तो आपल्याला पुन्हां त्यांत कोंबतां यावा म्हणून नव्हे. शोक दाखवावयाचा असेल तर पापांगीकारांत दाखवावा, आणि तो खऱ्या पापांचा असावा.

खऱ्या पापांविषयीं बोलावयाचें तर तिसऱ्या रविवाराचा पाठ सांगितला पाहिजे. पाठांची जी तीन वर्षांची फेरी हल्लीं पुष्कळ मंडळ्यांत चालते, तिच्या पहिल्या वर्षीं या दिवशीं योहानाच्या चौथ्या अध्यायांतली शोमरोनी बाईची गोष्ट वाचतात. भर दुपारीं ती एकटी विहिरीवर येते. तेथें थकून बसलेला येशू तिच्याजवळ पाणी मागतो, आणि ती चकित होते. कारण यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यास शिवत नसत. हा पाठ नगर जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्या बायका कशा ऐकतात, तें मीं लहानपणापासून पाहिलें आहे. त्यांच्या सासवा आणि आया गांवच्या विहिरीपासून दूर घागर ठेवून, कोणी वाढील काय म्हणून तास तास उभ्या राहिलेल्या. पाठ चालू असतांना कोणी मान वर करीत नसे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेतलें तो दिवस २० मार्च १९२७. ही तारीख उपवासकालाबाहेर कधींच पडत नाहीं. कारण राखेचा बुधवार फार उशिरां म्हणजे १० मार्चला येतो, आणि ईस्टर फार लवकर म्हणजे २२ मार्चला. जुनें कॅलेंडर काढून पाहिलें तर त्या वर्षीं तो दिवस रविवारच होता, आणि तोहि उपवासकालांतला तिसरा. त्या काळीं हा पाठ त्या रविवारीं वाचला जात नव्हता, म्हणून यांत कांहीं गूढ शोधूं नये. पण आज शोमरोनी बाईचा पाठ आणि महाडची आठवण एकाच सुमारास मनांत येतात, आणि त्यांबरोबर आमचें आमच्याच घरचें एक पापहि येतें. महारवाड्यांतून आलेले आणि मांगवाड्यांतून आलेले हा भेद आमच्या कित्येक मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतरहि पिढ्यान् पिढ्या राहिला; सोयरिकींत तर तो अजून निघतो. पापांगीकारापूर्वींच्या त्या स्तब्धतेंत आठवावयाचें तें हें.

आतां उपासाविषयीं. १९७३ चा लेंट ७ मार्चला लागला. आदल्या वर्षीं पाऊस गेला होता. सारा गांव दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात असे. कामावर सुकडी मिळे, आणि रेशनवर मिलो नांवाची तांबडी ज्वारी. आमच्या मंडळींत मुठीच्या धान्याची चाल होती. रोज दळणांतून एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यांत टाकावयाचें, आणि रविवारीं तें मंदिरांत आणावयाचें. त्या वर्षीं आईची मूठ नीट भरत नसे, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

उपवासकालाच्या पहिल्या रविवारीं पाळकसाहेबांनीं यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचला. त्यांत देवाला आवडणारा उपास कोणता, हें सांगतांना संदेष्टा अन्न सोडण्यावर भर देत नाहीं, भुकेल्यांना तें वांटण्यावर देतो. मग ते म्हणाले, "जो रोजच अर्धपोटीं आहे त्याला मी उपास सांगणार नाहीं. पण नियम तर नियमच. रविवार हा उपासाचा दिवस नव्हे. तेव्हां आज या गांवांत एकहि घर उपाशी राहिलें, तर नियम मोडल्याचा दोष आपणां सर्वांवर येईल." नायसियाच्या नियमाचा असा अर्थ मीं त्यापूर्वीं कोणाकडून ऐकला नव्हता, पुढें पुस्तकांतहि वाचला नाहीं. उपासना आटोपल्यावर बायकांनीं मडकीं सतरंजीवर रितीं केलीं. ज्वारी आणि मिलो मिळून दोन पायल्याहि भरले नाहींत. ज्या दोन घरीं कामावर जाणारें कोणी उरलें नव्हतें तेथें तें धान्य पोंचविलें. त्यांतलें एक घर आमच्या मंडळींतलें नव्हतें. हा क्रम सहाहि रविवार चालला. मडकें घेऊन जाण्याचें काम आम्हां मुलांकडे असे.

सहावा रविवार झावळ्यांचा. येशूनें यरुशलेमांत प्रवेश केला त्याची आठवण म्हणून त्या दिवशीं हातांत झावळ्या घेऊन मंदिराभोंवतीं मिरवणूक निघते. नारळ आमच्याकडे नाहीं, म्हणून शिंदीच्या झावळ्या. उपासनेनंतर लोक त्या घरीं नेऊन भिंतीवरच्या तसबिरीमागें खोंचून ठेवतात. वर्षभरांत त्या वाळून कोळ होतात, आणि पुढल्या वर्षीं त्याच जाळून राखेच्या बुधवारची राख करतात.

शिंदीचीं चार झाडें माझ्या वारकरी शेजाऱ्यांच्या बांधावर आहेत. दरवर्षीं शनिवारीं संध्याकाळीं ते स्वतः झावळ्या तोडून कुंपणावरून देतात. गेल्या खेपेस भारा माझ्या हातीं देतांना त्यांनीं विचारलें, "उद्यां रविवार. म्हणजे जेवण आहे ना?" मीं हो म्हटलें. "मग इकडेच या," असें म्हणून ते कोयता धुवावयास आड्यावर गेले.