रेडिओतला डायोड, गिटारचा फाटका आवाज

मराठवाड्यात आवाज फाटला की कारागीर गाठतात. नांदेडचं वजिराबाद असो की लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या गल्ल्या, रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्यांची निम्मी हयात ही फाट घालवण्यात गेली. गिटारवाल्या पोरांना मात्र नेमकी तीच हवी असते. ती घडवणारा डायोड याच दुकानांच्या डब्यांत कितीतरी वर्षं पडून होता.

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२च्या सुमारास जर्मेनियमचे सुटे भाग बनवायला घेतले. त्याच साली अमेरिकेत माएस्ट्रो फझ-टोन हे गिटारचा आवाज फाडणारं पेडल आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या गाण्यात ते वाजलं आणि फाटक्या आवाजाला जगभर मान मिळाला. आपल्याकडे जर्मेनियमला दुसरंच काम होतं. ओए७९ हा काचेचा इवलासा डायोड ट्रान्झिस्टर रेडिओत बसे आणि आकाशवाणीच्या परभणी केंद्राच्या लहरीतून बातम्या, भावगीतं वेगळी काढी. या कामाला जर्मेनियमच सोयीचं, कारण जेमतेम पाव व्होल्ट मिळाला की ते वाट मोकळी करतं. सिलिकॉनला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात, लाल एलईडीला त्याच्याही अडीच-तीन पट.

पेडलचा स्वभाव याच आकड्यांवर ठरतो. गिटारचा क्षीण सिग्नल आधी आयसीने कित्येक पट वाढवायचा, मग एकमेकांकडे उलटी तोंडं केलेले दोन डायोड त्यापुढे उभे करायचे. ठरल्या व्होल्टेजच्या वर गेलेला लाटेचा शेंडा तिथं छाटला जातो. जर्मेनियम लवकर छाटतं, कडा जरा गोल ठेवतं, पण आवाजही लहान करतं. सिलिकॉनची छाट करकरीत. एलईडी उशिरा छाटतो, म्हणून आवाज मोठा आणि मोकळा राहतो, बोटांचा जोर-हलकेपणाही ऐकू येतो.

यात नवलाचं असं काही नाही, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या प्रत्येकाने ‘क्लिपर’चं, म्हणजे लाट छाटणाऱ्या सर्किटचं, प्रॅक्टिकल केलेलं असतं. सीआरओच्या हिरव्या पडद्यावर गोल लाट सपाट माथ्याची होताना पाहायची, आकृती जर्नलमध्ये काढायची, सही घ्यायची, संपलं. नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झालं. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, एमएक्सआर कंपनीचं डिस्टॉर्शन प्लस बाजारात आलेलं होतं. त्याच्या पोटात काय होतं? प्रयोगशाळेतला ७४१ आयसी आणि जर्मेनियमचे दोन डायोड. जर्नलमधली ती आकृती गिटारला जोडून ऐकायची, एवढंच बाकी होतं.

पुढची पेडलं भराभर आली. बॉस डीएस-१ १९७८ मध्ये आलं, आयबानेझ ट्यूब स्क्रीमर त्याच्या पुढच्या वर्षी. ट्यूब स्क्रीमरने डायोड आयसीच्या फीडबॅकमध्ये नेऊन बसवले. छाटलेल्या लाटेखाली मूळ सूर शाबूत राहतो, म्हणून ते गुरगुरतं पण चिरकत नाही. १९८१च्या बॉस एसडी-१ मध्ये एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन आहेत. लाटेचा वरचा आणि खालचा भाग असा असमान छाटला की सम हार्मोनिक्स येतात आणि आवाज भरदार लागतो. माझ्या कानाला ही सगळ्यांत सुंदर युक्ती वाटते, आणि तिला खर्च येतो एका जादा डायोडचा!

ट्यूब स्क्रीमरमधला ४५५८ आयसी तर आपला घरचाच. ४४४० आयसीवर बांधलेल्या लोकल अँप्लिफायरच्या बास-ट्रेबल बोर्डावर तोच असतो. उरलेल्या मालासाठी नांदेडच्या माणसाला हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली जवळची, लातूरचा पुण्याला शिकायला गेलेला मुलगा तपकीर गल्लीत शिरणार. अडायचं ते धातूची डबी आणि पायाने दाबायच्या स्विचपाशी.

जर्मेनियमची एक खोड आपल्या भागात विशेष जाणवते. डायोडचं व्होल्टेज तापमानाच्या दर अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतं. सिलिकॉनला ते सोसतं. पण मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की जर्मेनियमच्या पाव व्होल्टातले तीस-पस्तीस मिलिव्होल्ट जातात. त्यात गळतीही वाढते. गारव्यात जुळवलेलं पेडल भर उन्हाळ्यातल्या मांडवात आणखी लवकर छाटू लागतं. उष्णतेचं असं वावडं आहे म्हणून जोडताना डायोडचा पाय चिमट्यात धरावा, सोल्डरिंग आयर्नची उष्णता चिमट्याने ओढून घ्यावी. आणि तीन जागांचा स्विच लावून जर्मेनियम, सिलिकॉन आणि एलईडी अशा तिन्ही जोड्या ठेवाव्यात. उन्हाळी कार्यक्रमाला मी एलईडीच निवडेन.

आता मुंबईत अॅनिमल फॅक्टरी अँप्लिफिकेशनसारखे हाताने पेडल बनवणारे उभे राहिले आहेत, सुटे भाग कुरिअरने घरपोच येतात आणि मोबाइलवरही डिस्टॉर्शन मिळतं. जुने रेडिओ भंगारात गेले, त्यांच्यासोबत ओए७९ही गेले. त्यामुळे जर्मेनियम म्हणून कधी कधी शॉटकी डायोड गळ्यात मारले जातात. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर दोघांचा आकडा सारखाच येऊ शकतो. खात्री करायची तर डायोड उलटा जोडून गळती मोजावी आणि बोटांत धरून थोडा गरम करावा. जुन्या जर्मेनियमचा आकडा लगेच हलतो.