पोलंड, वळिवडे आणि साम्यवादाच्या परतीचा प्रश्न

पोलंडमधील साम्यवादी राजवट १९८९ साली गेली. त्याला आता तीन तपे होऊन गेली. तरीही त्या देशात एक प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा विचारला जातो. गेलेली राजवट परत तर येणार नाही ना? आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला असतो. ती परत आली तर ती सर्वांनाच नकोशी वाटेल काय?

पहूरच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. वाघूरच्या काठी बसून विस्तुलेच्या काठची चिंता आपण का वाहावी? आम्हांस याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की, हा प्रश्न ज्यांच्या जिवाशी आला होता असे सुमारे पाच हजार पोल पाच वर्षे आपल्याच महाराष्ट्रात राहत होते. दुसरे असे की, राजवट आणि तिने दिलेली हमी या दोन गोष्टी माणसे कशी वेगळ्या करतात, हा या प्रश्नाचा गाभा आहे आणि तो खानदेशच्या शेतकऱ्याला परका नाही.

प्रथम इतिहास पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाची सेना पूर्वेकडून आत शिरली. दोघांनी देश वाटून घेतला. पूर्वेकडील भागात फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार वेळा धरपकड झाली. निवृत्त सैनिक, जंगलखात्याचे नोकर, शिक्षक, अधिकारी, तुरुंगात टाकलेल्यांची बायकामुले, अशा लाखो लोकांना मालगाडीच्या डब्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. अपराध कोणता, हे त्यांना कोणी सांगितले नाही. अमुक वर्गात जन्मलो हाच अपराध. त्याच १९४० च्या वसंतात कातीन व इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी आणि बंदिवान यांना गोळ्या घालण्यात आल्या. हे कृत्य आपले नव्हे, असे सोव्हिएत सरकार पन्नास वर्षे सांगत राहिले. कबुली दिली ती १९९० साली.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटली, तेव्हा चित्र पालटले. लंडनमधील पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, हद्दपारांची सुटका झाली आणि जनरल आंडर्स यांनी त्यांच्यातून सेना उभारली. १९४२ साली ही सेना आणि तिच्यामागून निघालेली बायकामुले, अशी एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्रातून इराणात पोहोचली. पुरुष लढाईला गेले. इटलीत मोंते कासीनोचा डोंगर मे १९४४ मध्ये त्यांनीच सर केला. आपल्या मराठा पलटणीही त्या वर्षी इटलीतच लढत होत्या. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच रणभूमीवरील पराक्रमासाठी. मागे राहिलेल्या बायका, मुले आणि वृद्ध यांना आसरा कोण देणार, हा प्रश्न होता. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांची छावणी उघडली आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे येथे मोठी वसाहत उभी राहिली.

वळिवडे म्हणजे एक लहानसे पोलंडच होते. बराकींच्या लांबच लांब रांगा, शाळा, प्रार्थनामंदिर, दवाखाना, बालवीरांची पथके, सारे तेथे होते. व्यवहार पोलिश भाषेत चाले. मुले पोलंडचा भूगोल शिकत आणि बाहेर कोल्हापूरच्या बाजारात भाव करण्यापुरते आपले शब्द उचलीत. पंचगनीच्या हवेत क्षयाचे रुग्ण ठेवले जात. या सर्वांची एक ठाम समजूत होती की युद्ध संपेल, आपण जिंकू आणि घरी जाऊ.

युद्ध संपले आणि जिंकलेही. पण घर उरले नव्हते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. ल्वूव आणि विल्नो ही शहरे आणि भोवतालचा मुलूख सोव्हिएत संघात गेला. वळिवड्यातील बहुतेकांची गावे त्याच मुलखातील. मार्चमध्ये पोलिश भूमिगत चळवळीच्या सोळा पुढाऱ्यांना वाटाघाटीसाठी बोलावून पकडण्यात आले आणि त्यांच्यावर मॉस्कोत खटला भरला गेला. जुलैत ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. ज्या सरकारच्या नावावर वळिवडे चालत होते, ते सरकारच कागदावरून पुसले गेले. छावणीचा कारभार पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित साहाय्य संस्थेकडे गेला आणि एकेका कुटुंबापुढे सवाल उभा राहिला. मायदेशी परत जाणार काय?

बहुसंख्यांनी नाही म्हटले. ही गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. निर्वासिताला सर्वांत प्रिय काय, तर परतीची वाट. येथे तीच वाट उघडली होती आणि माणसे तिच्याकडे पाठ फिरवीत होती. साम्यवादाचे ग्रंथ त्यांनी वाचले होते म्हणून नव्हे. मालगाडीचा डबा त्यांनी पाहिला होता म्हणून. ज्या सत्तेने विनाचौकशी घरातून उचलले, तिच्याच छायेखालच्या सरकारवर विश्वास कसा ठेवावा, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. १९४७ च्या जानेवारीत पोलंडमध्ये जी निवडणूक झाली तिचे निकाल बनावट होते, आणि त्यामुळे त्यांचा संशय खोटा ठरला नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी ब्रिटनला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला. काही थोडे आप्तांच्या शोधात पोलंडलाही परतले. त्या बराकींत पुढे फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. एका निर्वासितांच्या छपराखाली दुसरे निर्वासित आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

परंतु वळिवड्याच्या लोकांचे मन म्हणजे साऱ्या पोलंडचे मन, असे समजणे चुकीचे ठरेल. जे पोलंडमध्येच राहिले त्यांच्या आठवणी मिश्र आहेत. जर्मनांनी जमीनदोस्त केलेले वॉर्सा त्याच राजवटीत पुन्हा उभे राहिले. जमीनदारांच्या जमिनी वाटल्या गेल्या, खेड्यातील मुले विद्यापीठांत गेली, कारखान्यात काम मिळण्याची हमी आली. आणि एक गोष्ट तर आपल्या शेतकऱ्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावी. पूर्व युरोपातील इतर देशांत शेते एकत्र करून सामुदायिक केली गेली, पण पोलिश शेतकऱ्याने ती होऊ दिली नाहीत. १९५६ साली गोमुल्का सत्तेवर आले तेव्हा सरकारनेच हात टेकले. शेवटपर्यंत बहुतांश जमीन खाजगी मालकीचीच राहिली. प्रार्थनामंदिरेही राहिली. प्रमुख धर्मगुरू कार्डिनल विशिन्स्की यांना १९५३ पासून तीन वर्षे कैदेत ठेवूनही लोकांचा त्यांच्यावरील विश्वास ढळला नाही. नांगर आणि देव्हारा या दोन जागी सत्तेचा हात पोहोचला नाही, म्हणून पोलंडमध्ये ती राजवट कधी पुरती मुरली नाही.

गंमत अशी की, कामगारांच्या नावाने चालणारी ही राजवट खिळखिळी केली ती कामगारांनीच. १९५६ साली पोझनान येथे, आणि भाववाढीविरुद्ध १९७० साली ग्दान्स्क येथे, कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात लेख वावेन्सा नावाच्या वीजतंत्र्याच्या नेतृत्वाखाली सॉलिडॅरिटी ही संघटना जन्मली. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारून ती दडपली. पुकारणे योग्य होते की नव्हते, यावर पोलिश लोकमत आजतागायत दुभंगलेले आहे. रशियन सेना आत येण्यापेक्षा हे बरे, असे एक पक्ष म्हणतो. आपल्याच लोकांवर रणगाडे घालणे हा द्रोहच, असे दुसरा म्हणतो. अखेर १९८९ साली गोलमेज परिषद भरली आणि ४ जूनच्या निवडणुकीत वरिष्ठ सभागृहातील शंभरांपैकी नव्याण्णव जागा सॉलिडॅरिटीने पुढे जिंकल्या. बंदूक न उडता राजवट गेली.

येथून पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. जानेवारी १९९० मध्ये नव्या सरकारने एका दणक्यात बाजारभाव मोकळे केले. दुकाने भरली, पण खिसे रिकामे झाले. कारखाने बंद पडू लागले. सरकारी शेतीमळे मोडले आणि तेथील मजुरांची वस्तीच्या वस्ती बेकार झाली. १९९३ अखेर शंभर कामकऱ्यांमागे सोळाहून अधिक बेकार होते. त्याच वर्षी सप्टेंबरात निवडणूक झाली आणि जुन्या साम्यवादी पक्षाच्या वारसांनी ती जिंकली. दोन वर्षांनी जुन्या राजवटीत मंत्री असलेले क्वाश्न्येव्स्की यांनी खुद्द वावेन्सांना पाडून राष्ट्राध्यक्षपद घेतले. साम्यवाद परत आला, असे तेव्हा अनेकांस वाटले.

तो आला नाही. निवडून आलेल्यांनी ना मुक्त निवडणुका रद्द केल्या, ना वृत्तपत्रे बंद केली, ना बाजार मोडला. १९९७ ची नवी राज्यघटना क्वाश्न्येव्स्की यांच्याच सहीने आली आणि तिच्या तेराव्या कलमाने नाझी, फॅसिस्ट आणि साम्यवादी हुकूमशाहीच्या पद्धतींवर आधारलेल्या पक्षांस बंदी घातली. युरोपीय संघात सामील होण्याच्या करारावर २००३ साली सही केली ती मिलर यांनी, जे एके काळी त्या जुन्या पक्षाच्या सर्वोच्च मंडळात होते. दोनच वर्षांनी, २००५ साली, मतदारांनी त्याच पक्षाला एकेचाळीस टक्क्यांवरून अकरा टक्क्यांवर आणले. मतपेटीतून आलेले मतपेटीतूनच गेले.

याचा अर्थ कसा लावावा? आमच्या मते १९९३ चा मतदार जुनी राजवट मागत नव्हता, तो जुनी शाश्वती मागत होता. नोकरीची, दवाखान्याची, म्हातारपणाच्या भाकरीची. खानदेशात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्या केंद्रावरील रांगा, लांबलेले चुकारे आणि प्रतवारीवरून होणारी भांडणे यांना शेतकऱ्याने शिव्याही दिल्या. आणि ती मोडल्यावर, व्यापाऱ्याने भाव पाडला त्या दिवशी, त्याच शेतकऱ्याने तिची आठवणही काढली. ती आठवण म्हणजे सक्तीची आवड नव्हे. ती हमीभावाची भूक आहे. पोलिश मजुराची हळहळही याच जातीची आहे. फरक एवढाच की, आपल्या योजनेला नावे ठेवणाऱ्याला रात्री कोणी उचलून नेत नव्हते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे लाल झेंडा दिसला तो बव्हंशी मोर्च्यात. अमळनेरच्या गिरणीकामगारांच्या, १९७२ नंतर शहाद्याच्या आदिवासी शेतमजुरांच्या हाती. धुळ्याच्या शरद पाटील यांनी १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तोही जातिव्यवस्थेविरुद्ध लढण्यासाठी. येथे तो झेंडा सत्तेपुढे उभा होता, तेथे तो सत्तेच्या शिखरावर होता. म्हणून एकाच शब्दाने पहूरकराच्या आणि पोलंडकराच्या मनात दोन निराळी चित्रे उमटतात आणि दोन्ही खरी असतात. झेंड्याचा रंग पाहून निवाडा करणाऱ्याला यांतील एक चित्र दिसतच नाही.

आज पोलंडमध्ये साम्यवादी पक्ष सत्तेवर येण्याची चिन्हे नाहीत. २०१६ च्या कायद्याने रस्त्यांची जुनी नावेही बदलली गेली. सॉलिडॅरिटीच्याच परंपरेतून निघालेले दोन मोठे पक्ष एकमेकांवर जुन्या राजवटीच्या रीती उचलल्याचा आरोप करतात. तो शब्द आता शिवीसारखा वापरला जातो. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यापासून भय आहे ते तत्त्वज्ञानाचे नव्हे, शेजाऱ्याच्या सेनेचे आहे. पण शब्दाची शिवी झाली की त्याचा धडा विसरला जातो, हा यातला खरा धोका.

तो धडा वळिवड्याच्या बायकांना पाठ होता. राजवटीची परीक्षा तिच्या जाहीरनाम्यावरून करायची नसते. ती आपल्या विरोधकाच्या दाराशी रात्री कशी जाते आणि मतदाराने जा म्हटले तर जाते की नाही, यावरून करायची असते. आणि दुसरा धडा १९९३ च्या पोलिश मजुराने दिला. स्वातंत्र्याने भाकरीची चिंता वाऱ्यावर सोडली, तर माणसे भाकरी देणाऱ्या जुन्या मालकाची आठवण काढतात. हे दोन्ही धडे जो देश एकत्र वाचील, त्याला कोणत्याही हुकूमशाहीच्या परतीचे भय बाळगावे लागणार नाही.