पाण्यातला श्वास

कळव्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. खाडीत चिखल असतो आणि भरती-ओहोटीची ओढ असते. म्हणून पोहायला शिकायचे ते तरणतलावातच. तेथे मुले अनेकदा पैज लावतात, "पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो?" ही पैज धोक्याची आहे. का, ते समजण्यासाठी आधी श्वासाची माहिती घेऊ.

शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. खूप खोल श्वास घेऊन सगळी हवा बाहेर सोडली, तर ती सुमारे तीन ते पाच लिटर भरते. ही हवा स्पायरोमीटर या यंत्राने मोजतात. इंग्लंडचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली या यंत्राची माहिती जगापुढे मांडली.

पट्टीच्या पोहणाऱ्यांची ही हवा त्याच उंचीच्या इतर माणसांपेक्षा बहुधा जास्त भरते. पाणी छातीवर दाब देते. तो दाब सारून छाती फुगवावी लागते. शिवाय तोंड पाण्याबाहेर आले की झटकन श्वास घ्यावा लागतो. त्यामुळे श्वासाच्या स्नायूंना चांगला व्यायाम होतो.

पण केवळ मोठ्या फुप्फुसांनी शर्यत जिंकता येत नाही. प्राणवायू रक्तात मिसळतो आणि हृदय ते रक्त स्नायूंकडे पाठवते. या सर्वांना हातापायांच्या अचूक हालचालींची जोड लागते. कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय शर्यत २४.३१ सेकंदांत पूर्ण करून कांस्यपदक मिळवले. २०१८ साली ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या भागाने हुकले! अशा छोट्या शर्यतीत श्वासासाठी तोंड वळवले, तरी वेळ जातो. म्हणून पोहणारे अगदी मोजके श्वास घेतात. त्यामागे अनेक वर्षांचा सराव असतो.

आता पैजेकडे वळू. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, की आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो. पैज जिंकण्यासाठी काही मुले आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने हा वायू कमी होतो. प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली जीव गुदमरत नाही आणि प्राणवायू कमी पडून माणूस एकाएकी बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेही असे बुडाले आहेत.

म्हणून मुलांनो, अशी पैज कधीही लावू नका. प्रशिक्षकांसमोर पोहा आणि लयीत श्वास घ्या.

शब्दार्थ
पट्टीचा – तरबेज, निष्णात
हुकणे – थोडक्यात न मिळणे
एकाएकी – अचानक

स्वाध्याय
१. पोहण्याने श्वासाच्या स्नायूंना व्यायाम कसा होतो?
२. पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज धोक्याची का आहे?