तापलेली तार, गार थेंब

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या भट्टीजवळ क्षणभर उभे राहा. कढईतले दूध कारागीर सारखे ढवळत असतो. का बरे? तळाशी तेच दूध बसून राहिले तर करपेल. त्याच्या जागी सतत नवे दूध यायला हवे.

आता जवळच्या आरोग्य केंद्रात चला. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीला लावला, की काही सेकंदांत साखरेचे प्रमाण कळते. पट्टीवरील विकर ग्लुकोजच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन काढून घेते. ते विद्युतअग्रापर्यंत पोचले, की सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. ग्लुकोज जास्त, तर प्रवाह जास्त. विकर व विद्युतअग्र यांची जोडी जमविण्याची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली मांडली.

रक्तात ग्लुकोज भरपूर असते. पण रोगजंतूच्या डीएनएचे मोजकेच रेणू शोधायचे असतील तर? विद्युतअग्रालगतच्या थरातले रेणू लवकर संपतात. नवे रेणू विसरणाने, रमतगमत येतात. मग संकेत इतका क्षीण होतो, की ओळखूच येत नाही. इवल्याशा थेंबात ढवळणार तरी कशाने?

उष्णतेने! मात्र सगळा थेंब तापवला, तर त्यातील नाजूक प्रथिने बिघडतात. यावर जर्मनीतील रोस्टॉक विद्यापीठात पीटर ग्रुंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात युक्ती विकसित केली. केसाहून बारीक तार हेच विद्युतअग्र! तिच्यातून प्रत्यावर्ती धारा सोडली, की शेगडीच्या तारेप्रमाणे ती तापते. ही धारा सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, म्हणून मोजायचा संथ प्रवाह तिच्यापासून वेगळा काढता येतो. तारेभोवतीचा पातळ थर तेवढा तापतो. तेथे विसरणाचा वेग वाढतो. गरम द्रव वर चढतो आणि गार द्रव नवे रेणू घेऊन त्याची जागा घेतो. चमच्याविना ढवळणे झाले! बाकीचे द्रावण गारच राहते.

२००० साली ग्रुंडलर यांच्या गटाने अमेरिकेतील जोसेफ वांग यांच्यासह तापवलेल्या कार्बन-लगद्याच्या विद्युतअग्रावर न्यूक्लिइक आम्लांचे मापन केले. संकेत ठळकपणे वाढला.

ही पद्धत अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे. ती छोट्या उपकरणात उतरली, तर खेड्यातही रोगाचा सुगावा लवकर लागू शकेल.

तोवर एक प्रयोग करा. एका पेल्यात गार, दुसऱ्यात गरम पाणी घ्या. दोन्हींत शाईचा एकेक थेंब सोडा, ढवळू नका. शाई कुठे आधी पसरली? कारण तुम्हीच सांगा.