तीन रेघा मारल्या, झाले डॉक्युमेंटेशन?

कापसाच्या हंगामात मारेगाव, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या कुठल्याही जिनिंगवर घटकाभर उभे राहावे. गाडी काट्यावर दोनदा चढते. आधी कापसाने भरलेली, मग माल खाली करून रिकामी. पहिल्याच वजनाची चिठ्ठी घेऊन कास्तकार हिशेबाच्या खिडकीशी गेला तर त्याला कुणी पैसे मोजून देत नाही. दोन आकड्यांची वजाबाकी झाली की नक्त वजन निघते आणि चुकारा त्याचाच मिळतो.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र एकाच वजनावर चुकारा मागणारे पुष्कळ. ‘कोडात तीन तिरप्या रेघा टाकून कॉमेंट लिहायची, कंपायलर एक्सएमएल फाइल काढून देतो, तिला एक स्टाइलशीट लावली की डॉक्युमेंटेशन आपोआप तयार!’ हे वाक्य शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ऐकू येते, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकू येते, आणि वीस वर्षे कोड लिहिलेली माणसेही ते तितक्याच विश्वासाने म्हणतात. त्यातला एकेक तुकडा सुटा घेतला तर खरा आहे. भानगड आहे ती ‘आपोआप’ या शब्दात, आणि त्याहून मोठी भानगड ‘एक स्टाइलशीट लावली की’ या चार शब्दांत.

समजा, अशाच एखाद्या काट्यासाठी कुणी सी शार्पमध्ये प्रोग्राम लिहिला. त्यात ‘कापूसकाटा’ नावाचा क्लास आणि त्याच्या आत ‘नक्तवजन’ नावाची मेथड. मेथडच्या डोक्यावर प्रोग्रामर /// अशा तीन रेघा ओढतो आणि समरी टॅगमध्ये लिहितो, ‘भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून नक्त वजन क्विंटलमध्ये देते.’ प्रत्येक पॅरामीटरसाठी पॅरॅम टॅग, परत येणाऱ्या उत्तरासाठी रिटर्न्स टॅग. मग डॉक्युमेंटेशन फाइलचा पर्याय चालू करून प्रोग्राम कंपाइल केला की प्रोग्रामच्या शेजारी एक एक्सएमएल फाइल पडते.

ती फाइल उघडून पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. घेतली असती तर हा गैरसमज इतका तगला नसता.

फाइलमध्ये असते ती एक सपाट यादी. वर असेंब्लीचे, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रामचे, नाव, आणि खाली एकापाठोपाठ एक ‘मेंबर’ नोंदी. प्रत्येक नोंदीला एक ओळखनाव: सुरुवातीला एक अक्षर (टी म्हणजे टाइप, एम म्हणजे मेथड, पी म्हणजे प्रॉपर्टी, एफ म्हणजे फील्ड, ई म्हणजे इव्हेंट), मग कोलन, मग टिंबांनी जोडलेले पूर्ण नाव, आणि मेथड असेल तर कंसात पॅरामीटरचे प्रकार. त्याच्या पोटात प्रोग्रामरने लिहिलेली कॉमेंट जशीच्या तशी. संपले.

आता या फाइलमध्ये काय नाही ते पाहावे. मेथड काय प्रकारचे उत्तर देते, ते नाही. कुणी शब्दांत लिहिले असेल तरच कळणार. मेथड बाहेरच्यांसाठी खुली आहे की खासगी, तेही नाही. खासगी मेथडवर कॉमेंट असेल तर कंपायलर तीही फाइलमध्ये टाकतो, आणि कुठली खासगी, कुठली खुली, यावर कसलीच खूण नसते. क्लास कुणाचा वारस आहे, कुठले इंटरफेस पाळतो, ते नाही. पॅरामीटरची नावेसुद्धा पॅरॅम टॅग लिहिले असतील तरच दिसतात. आणि ज्या मेथडवर कॉमेंटच लिहिलेली नाही, ती या फाइलच्या लेखी जन्मालाच आलेली नाही. दहा मेथडच्या क्लासमध्ये तिघींवर कॉमेंट असेल, तर जगातली कुठलीही स्टाइलशीट त्या फाइलमधून चौथी मेथड काढून दाखवू शकत नाही.

हे कुणाचे वैयक्तिक मत नव्हे. सी शार्पचे अधिकृत मानक, ईसीएमए-३३४, आपल्या परिशिष्टात हेच सांगते: ही फाइल टाइप आणि त्याच्या सदस्यांची पूर्ण माहिती देत नाही, ती हवी असेल तर फाइलच्या जोडीला रिफ्लेक्शन वापरावे लागते. रिफ्लेक्शन म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रामलाच विचारणे, की बाबा, तुझ्या पोटात कुठले क्लास आहेत, कुठल्या मेथड आहेत, कोण खुले आणि कोण खासगी. हाच दुसरा काटा. कॉमेंटची फाइल एकीकडे, प्रोग्रामचा सांगाडा दुसरीकडे, आणि ओळखनावावरून दोघांची सांगड घातल्यावर वाचण्याजोगे पान निघते.

म्हणून या कामासाठी जी साधने खरोखर चालली, त्यांनी दोन्ही वजने घेतली. एनडॉक हे सुरुवातीच्या काळातले लोकप्रिय मुक्त साधन असेंब्ली आणि एक्सएमएल फाइल दोन्ही मागत असे. त्याचा सांभाळ करणाऱ्या केव्हिन डाउन्स यांनी २००६ मध्ये काम थांबवले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सँडकॅसल बाहेर आणले. त्यात एमरेफबिल्डर नावाचा एक स्वतंत्र प्रोग्रामच होता, आणि त्याचे काम एकच: असेंब्ली वाचून सांगाड्याची दुसरी एक्सएमएल फाइल तयार करणे. स्टाइलशीटची पाळी त्यानंतर. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हात काढून घेतल्यावर एरिक वुडरफ यांनी आपल्या हेल्प फाइल बिल्डरसोबत तेही चालू ठेवले. स्टाइलशीट लावली की झाले, एवढेच प्रकरण असते तर मायक्रोसॉफ्टला तो दुसरा प्रोग्राम लिहिण्याची काही हौस नव्हती.

‘पण डॉक्सिजनच्या एक्सएमएलवर तर थेट स्टाइलशीट चालते,’ असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. डॉक्सिजन कोड स्वतः वाचतो आणि सांगाडा व कॉमेंट एकाच एक्सएमएलमध्ये लिहितो. सगळे तुकडे एकत्र करणारी एक छोटी स्टाइलशीटही सोबत देतो. तिथे दोन्ही वजने आधीच झालेली असतात. तिथला अनुभव कंपायलरच्या फाइलला चिकटवायचा आणि मग पान अर्धवट का आले म्हणून स्टाइलशीटला शिव्या घालायच्या, हा प्रकार मात्र वैताग आणणारा आहे.

स्वतःच स्टाइलशीट लिहायला बसणाऱ्याला आणखी एक खड्डा लागतो. यादी सपाट, म्हणजे मेथड क्लासच्या पोटात नसते, शेजारी असते. ती कुठल्या क्लासची, हे लांबलचक ओळखनावातल्या शेवटच्या टिंबावरून शोधायचे, तेही कंसाच्या अलीकडच्या, कारण कंसातल्या प्रकारांच्या नावांतही टिंबे असतात. स्टाइलशीट ज्याच्या आधारे शोधते त्या एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीत ‘पहिल्या टिंबाच्या आधीचे’ मिळवायला फंक्शन आहे. ‘शेवटच्या टिंबाच्या आधीचे’ मिळवायला नाही. त्यासाठी स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारे टेम्प्लेट लिहावे लागते. गट पाडण्याची सोपी सोय स्टाइलशीटच्या भाषेच्या, म्हणजे एक्सएसएलटीच्या, २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत आली, पण डॉटनेटमध्ये अंगचे जे एक्सएसएलटी मिळते ते अजून १९९९ च्या पहिल्याच आवृत्तीचे. दोन तासांत होईल म्हणून हाती घेतलेले काम आठवडा खाते ते इथे.

आता ‘आपोआप’कडे वळू. कंपायलर कॉमेंट तपासतो, हे खरे. नसलेल्या पॅरामीटरचे नाव लिहिले तर सीएस१५७२, दुसऱ्या क्लासकडे बोट दाखवले आणि तो सापडला नाही तर सीएस१५७४, खुल्या मेथडवर कॉमेंटच नसेल तर सीएस१५९१ अशा सूचना तो देतो. पण तपासतो ते रूप. मजकूर खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेत नाही. आपल्या कल्पनेतल्या प्रोग्रामात ‘ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो’ अशी कॉमेंट आहे आणि कुणीतरी घाईघाईत कोडातला आकडा १० केला, असे समजू. कंपायलर एक शब्द बोलणार नाही. स्टाइलशीट ते जुने वाक्य सुबक चौकटीत, निळ्या शीर्षकाखाली, छापील पुस्तकासारखे मांडून देईल. कोडाशेजारची शिळी कॉमेंट निदान कोडाशेजारी असते, वाचणाऱ्याची नजर दोन ओळी खाली गेली की चूक पकडली जाते. पानावर गेल्यावर तो आधारही तुटतो.

सूचना बंद व्हाव्यात एवढ्यासाठी लिहिलेल्या कॉमेंटची गत तर सांगायलाच नको. ‘नक्तवजन: नक्त वजन देते.’ घोस्टडॉकसारखी जोडसाधने मेथडच्या नावावरून अशी वाक्ये बनवूनही देतात. सूचना शून्य, पाने शंभर, आणि वजन किलोत आहे की क्विंटलमध्ये, हे एकाही पानावर नाही.

किरकोळ समज झटपट उरकता येतील. कॉमेंटमुळे प्रोग्राम जड होतो म्हणतात. होत नाही, कॉमेंट असेंब्लीत जातच नाहीत, वेगळ्या फाइलमध्ये जातात. (उलट ती फाइल डीएलएलच्या शेजारी ठेवायला विसरलात तर एडिटरमध्ये मदतीचा मजकूर दिसत नाही.) एक्सएमएलला स्टाइलशीटचा पत्ता लिहून फाइलवर दोनदा टिचकी मारली की पान दिसते, हा समज जुन्या ब्राउझरांच्या काळातला; डिस्कवरून थेट उघडलेल्या फाइलला क्रोम दुसऱ्या फाइलमधली स्टाइलशीट उचलू देत नाही आणि समोर कोरे पान येते. आणि एक्सएसएलटी मेली, ही आवई. २०२५ मध्ये क्रोमने ब्राउझरमधून ती काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला, तो ब्राउझरपुरता. बिल्ड करताना चालणाऱ्या प्रोसेसरांशी त्याचा संबंध नाही. भाषेची तिसरी आवृत्ती २०१७ ची आहे.

एक समज मात्र एका ओळीत उरकण्यासारखा नाही, कारण तो घरचा आहे. ‘हे सगळे इंग्रजीतच करावे लागते, मराठी कॉमेंट लिहिली की फाइल बिघडते.’

फाइल मराठीने बिघडत नाही. प्रत्येक एक्सएमएल वाचकाला यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ कळलेच पाहिजे, असा एक्सएमएलचा नियमच आहे. इतकेच काय, टॅगसुद्धा मराठीत चालतो. <सारांश>ओलावा तपासते.</सारांश> असे लिहिले तर कंपायलर ते निमूटपणे फाइलमध्ये उतरवतो, आणि पुढे स्टाइलशीटमध्ये ‘सारांश’साठी टेम्प्लेट लिहिता येते. एडिटर मात्र तो मजकूर मदत म्हणून दाखवणार नाही, त्याला समरीच ओळखीची. आणखी एक गंमत: एक्सएमएलच्या २००६ मधल्या चौथ्या आवृत्तीचे नियम पाळणारे वाचक ‘ॲ’ने सुरू होणारा टॅग नाकारतात, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ मध्ये. टॅगच्या आतल्या मजकुरात ते खुशाल वापरावे.

बिघडते ते जुन्या फॉन्टमुळे. कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर दिसायला देवनागरी, पण आत रोमन कळा. त्यात ‘ढ’ बसवलेला आहे < या खुणेवर. कॉमेंटमध्ये ‘कापसाचा ढीग’ लिहिले की कंपायलरला तिथे एक अर्धवट टॅग सुरू झालेला दिसतो. तो सीएस१५७० ही सूचना देतो आणि त्या मेथडची अख्खी कॉमेंट बाजूला टाकून, तिच्या जागी ‘एक्सएमएल नीट नसल्यामुळे वगळली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ लिहून मोकळा होतो. दोष मराठीच्या माथी जातो. युनिकोडमध्येही ‘ओलावा < १२’ असे लिहिले तर नेमके हेच घडते, आणि इंग्रजीत लिहिले तरी हेच; त्या खुणेऐवजी तिची एंटिटी लिहायची असते, नाहीतर सरळ ‘१२ पेक्षा कमी’ म्हणायचे.

स्टाइलशीटच्या बाजूनेही मराठीची सोय पहिल्यापासून आहे. क्रमांक देण्याच्या सूचनेत नमुना म्हणून देवनागरी ‘१’ लिहिला तर पुढचे आकडे देवनागरीत यावेत, असे १९९९ च्या तपशिलातच आहे. कच्चा दुवा आहे तो क्रमवारीचा. त्याच तपशिलात असेही नमूद आहे, की नियम पाळणारे दोन प्रोसेसर एकच यादी वेगवेगळ्या क्रमाने लावू शकतात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या लगोलग, ‘व’च्या आधी. तेव्हा सूची तयार झाली की दोन नोंदी शोधाव्यात, ‘गाव’ आणि ‘गाळप’. ‘गाळप’ आधी आले असेल तर प्रोसेसरने मराठीची वर्णमाला पाहिलेलीच नाही, आणि क्रम लावणाऱ्या सूचनेत भाषेचा रकाना भरला आहे का, हे तपासायला हवे.